मांडीवरचं ऊन

कापसाचा बोळा अडकला. एवढंच झालं. मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला, संग्रहालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, चित्रं दुरुस्त करायच्या आमच्या खोलीत, मी एका चित्रातल्या बाईच्या मांडीवरून ओला बोळा फिरवत होते आणि तो अडकला. तसं कापूस अडकण्यात नवल काही नाही. बत्तीस वर्षं मी काडीला कापूस गुंडाळून जुन्या चित्रांवरची धूळ, धूर आणि पिवळं पडलेलं व्हार्निश काढते आहे. इथे सगळे मला कापूसबाई म्हणतात; तोंडावर नाही, पण जिन्यात मला ऐकू येईल इतपत मोठ्यानं. पण हा बोळा अडकला तो माझ्याच रंगात. त्या बाईच्या मांडीवर जे पांढरं शिवणकाम पसरलेलं आहे ते चित्रकारानं काढलेलं नाही, मी काढलेलं आहे, एकतीस वर्षांपूर्वी, आणि माझा रंग गुळगुळीत असतो याचा मला गर्व आहे. म्हणून आधी नुसता राग आला. कुणीतरी माझ्या कामाला हात लावला असणार, असं वाटलं. दिवा ओढला, सूक्ष्मदर्शक खाली घेतला आणि बघितलं. वाळूचा कण होता.

समुद्रकाठच्या चित्रात वाळू सापडते. एका काळात चित्रकार स्टुडिओला कुलूप घालून सरळ किनाऱ्यावर उन्हात उभे राहून रंगवायला लागले. वारा त्यांच्या ओल्या रंगात वाळू उडवायचा आणि ती रंगाबरोबर तिथेच वाळून जायची. अशी वाळू मी पुष्कळदा बघितली आहे आणि दर वेळी उगाचच खूश झाले आहे. पण हा कण निळ्या झग्याच्या अगदी कडेवर बसला होता. अर्धा निळ्यात रुतलेला आणि अर्धा बाहेर, बोळ्यानं माझा रंग जरासा उचलला होता तिथे दिसणाऱ्या कोऱ्या पांढऱ्या अस्तरावर. अस्तर म्हणजे रंग लावण्याआधी कॅनव्हासला देतात तो थर. आणि निळ्याची ती कड गोल होती, वापरलेल्या साबणाच्या वडीची असते तशी. रंगाचा पापुद्रा उडून गेला असता तर कड तुटकी, धारदार राहिली असती. म्हणजे ब्रश इथे थांबला होता. कुणीतरी वाऱ्यात उभं राहून निळ्याचा फटकारा इथवर आणला, उचलला आणि पुढची जागा कोरी सोडली, कारण त्या जागी ऊन इतकं होतं की त्याला लावायला रंगच नव्हता. त्या बाईच्या मांडीवर काही नव्हतं. ऊन होतं. आणि त्या उन्हावर मी एक फडकं रंगवून ठेवलं होतं, सुईसकट.

मी स्टूल मागे सरकवलं आणि उभी राहिले. गुडघे दुखतात म्हणून हळू उठते एरवी. हे चित्र मी डोळे मिटून सांगू शकते. दुपारचा किनारा, मागे पट्ट्यापट्ट्यांचे तंबू, हवेत फडफडणारं एक निशाण. एक गृहस्थ तोंडावर टोपी ठेवून सरळ झोपी गेलेला. छत्रीखाली दोघी जणी, त्यांच्या सावल्या काळ्या नाहीत, जांभळ्या-निळ्या. वाळू म्हणावी तर गुलाबी, पिवळी, हिरवट अशा बोटभर फटकाऱ्यांनी बनलेली, जवळ गेलं की विस्कटते आणि दोन पावलं मागे आलं की ऊन होते. सगळेच्या सगळे आळशी. कुणी काही करत नाही. फक्त पुढे घडीच्या खुर्चीत बसलेली निळ्या झग्यातली बाई तेवढी शिवत असते. चित्रकार कोण, कुणाला ठाऊक नाही. चित्र एका ओलसर तळघरातून आलं होतं आणि आकाशाचे, कोपऱ्यांचे पापुद्रे खरोखरच उडाले होते. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, तात्पुरती, दर सहा महिन्यांनी नवीन पत्र मिळण्याची वाट बघणारी. मास्तरांच्या हाताखाली काम करत होते. मास्तर म्हणजे माझे गुरू. माणूस सोन्यासारखा, पण रिकामी जागा दिसली की त्यांच्या हाताला खाज सुटायची. उडालेल्या रंगाला ते ‘खड्डा’ म्हणत. खड्डे मोजून झाले, मांडीवरचा सर्वांत मोठा निघाला, आणि मास्तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "इथे काय असेल गं? तुझं काय डोकं चालतं?"

आणि मी, विचार करायला एक क्षणही न घेता म्हटलं, "शिवण असणार, मास्तर. बाई आहे. मांडीवर दुसरं काय असणार?"

"शाब्बास," मास्तर म्हणाले. "बाईची नजर ती बाईची नजर."

चार आठवडे लागले. पांढऱ्याचे सात प्रकार वापरले, घड्यांमध्ये निळसर सावली टाकली, अंगठ्यावरून एक सुई नेली. वर्तमानपत्रात छोटा मजकूर आला. मी कायम झाले. चित्राचं आधीचं नाव होतं नुसतं ‘किनारा, दुपार’, ते बदलून ‘समुद्रकाठी शिवणकाम’ झालं. त्याची पोस्टकार्डं निघाली, वह्यांची कव्हरं निघाली, एका शिवणयंत्राच्या दुकानानं ते दुकानात टांगलं. लोक चित्रापुढे उभे राहून म्हणायचे, बघा, समुद्रावर आली तरी हात चालू. मी मागून ऐकायचे आणि फुगायचे. एका गोष्टीचा मात्र मला कधी संशय आला नाही, आणि तो यायला हवा होता. खड्डा असला की तो आधी लांबी भरून पातळीत आणावा लागतो, भिंतीला रंगाआधी भरतात तशी. आकाशात आम्ही लांबी भरली होती, कोपऱ्यांत भरली होती. मांडीवर भरल्याचं मला आठवेना. कपाटातली जुनी फाइल काढून बघितली. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘मांडी – लांबीची गरज पडली नाही.’ गरज पडली नाही! खड्डाच नव्हता तर गरज कशाची पडणार? हे मी माझ्या हातानं लिहिलं आणि मला कळलं नाही. मी मोठ्यानं हसले. मग दार लावून घेतलं, कारण ते हसणं काही बरं वाटत नव्हतं.

संचालकांकडे गेले. आमचे संचालक चांगले आहेत, वाईट नाहीत. प्रत्येक भाषणात दूरदृष्टी हा शब्द तीनदा वापरतात आणि समोरचा कागद वाचायला चष्मा काढतात, म्हणून त्यांना दूरदृष्टीच म्हणतात सगळे. त्यांच्या खिडकीबाहेर इमारतीच्या दर्शनी भागावर चढवलेल्या फलकाची मागची बाजू दिसत होती. चार मजली फलक. त्यावर माझ्या बाईचे हात, माझी सुई, माझं शिवण, आणि खाली मोठ्या अक्षरात प्रदर्शनाचं नाव: ‘राबते हात’. शनिवारी उद्घाटन. मी वाळूचा कण सांगितला, कड सांगितली, लांबी सांगितली. त्यांनी चष्मा काढला, घातला.

"म्हणजे ते शिवणकाम खोटं आहे?"

"खोटं म्हणजे माझं आहे."

"तेच म्हणतोय मी." मग त्यांना आपलं बोलणं ऐकू आलं असावं. "तसं नाही हो. पण बाई, शिवण काढलं तर ती काय करताना दिसेल?"

"बसलेली दिसेल."

"नुसती?"

"नुसती."

"राबते हात," ते म्हणाले आणि खिडकीकडे बघितलं. "या प्रदर्शनात मधोमध एक बाई नुसती बसलेली? उन्हात? पाय पसरून? लोक काय म्हणतील, सांगा ना मला."

मी म्हटलं, मग ते चित्र त्या प्रदर्शनात नको. ते म्हणाले, फलक तुम्ही उतरवणार का? मग त्यांचा आवाज मऊ झाला, आणि मऊ आवाजाची मला जास्त भीती वाटते. प्रदर्शन सहा महिने आहे, संपलं की आपण समिती नेमू, तज्ज्ञांना बोलावू, सगळं रीतसर करू. मी म्हटलं, मी या महिनाअखेरीला निवृत्त होते आहे. "तेच तर," ते म्हणाले, "त्यानंतर सल्लागार म्हणून तुम्हीच हव्यात मला. पत्र टाइप करून ठेवलंय. आणि स्वतःच्याच नावाला कशाला काळं फासताय या वयात? तुमच्या हातचं सगळ्यांत गाजलेलं काम आहे ते. आता धूळ पुसा, साफ करून खाली पाठवा आणि शांतपणे बसा." त्यांनी ड्रॉवरमधून चिठ्ठी काढली, त्यावर आमच्या ठरलेल्या भाषेत खरडलं, ‘चित्र क्रमांक एकशे अठरा, साफ करून गुरुवारपर्यंत दालनात टांगणे’, सही केली आणि माझ्या हातात दिली. मी ती घडी करून खिशात ठेवली. नंतर दिवसभर हात खिशाकडे जात होता.

दुपारी जेवायला म्हणून बाहेर पडले आणि जेवले नाही. बाहेर ऊन मी म्हणत होतं. एरवी मी उन्हात भिंतीच्या कडेकडेनं चालते, त्या दिवशी रस्त्याच्या मधून चालले. बँकेच्या पायऱ्यांवर दोन कारकून डबे उघडून बसले होते, त्यांच्या शर्टाच्या पाठी इतक्या पांढऱ्या दिसत होत्या की त्यांना कडच नव्हती. कापड कुठे संपतं आणि ऊन कुठे सुरू होतं ते सांगता येत नव्हतं. बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या उन्हावरची धूळ पुसली आणि खऱ्या उन्हात कड नसते हे मला बँकेच्या पायऱ्यांपाशी कळावं! सल्लागार. म्हणजे पाटी, खुर्ची, गरज असेल तेव्हा फोन. मला ते हवं होतं, खोटं कशाला बोलू? घरी बसायचं म्हटलं की मी कामं शोधते. रविवारीसुद्धा मी कपाटं आवरते, आवरलेली पुन्हा आवरते. मला रिकामं बसता येत नाही. कुणी शिकवलंच नाही, असं मी नेहमी हसत सांगते, आणि ते सांगताना आईचं नाव घेते, कौतुकानं. पण त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध मला आईची जी गोष्ट आठवली ती मी नेहमी सांगते तीच होती, आणि ती अचानक वेगळीच निघाली.

आई शिंप्याकडची काजं करायची. शर्टाला सात काजं, दिवसाला जमतील तितके शर्ट. आम्ही समुद्रावर एकदाच गेलो, काका घेऊन गेले तेव्हा. मी नऊ वर्षांची, दादा बारा. आईनं पिशवीत सहा शर्ट घेतले. किनाऱ्यावर ती समुद्राकडे पाठ करून बसली, कारण उजेड खांद्यावरून कामावर पडला पाहिजे. आम्ही पाण्यात, काका कुठेतरी, आणि आईची पाठ, मान खाली. एवढी गोष्ट मी लोकांना सांगते. पुढची अशी. दुपारी कधीतरी मी पाण्यातून बाहेर आले आणि बघितलं तर आई फिरून बसलेली. तोंड समुद्राकडे. पाय लांब केलेले, चपला बाजूला. शर्ट पिशवीत. हात मांडीवर, दोन्ही तळवे वर, उघडे, आणि त्यांत काही नाही. तिचं तोंड थोडं उघडं होतं. मी तिला तशी कधी बघितली नव्हती. मला वाटलं आईला काहीतरी झालं. मी इतकी घाबरले की हाक मारायचंही सुचेना. धावत गेले, पिशवीतला शर्ट काढला आणि तिच्या हातांत ठेवला. "आई, हे राहिलं ना?" तिनं माझ्याकडे बघितलं. जरा वेळ बघितलं. मग म्हणाली, "हो गं, राहिलंच की," आणि सुई शोधली, आणि पुन्हा फिरून पाठ करून बसली. रात्री दादाला म्हणाली, "बघ, हिला कशी काळजी कामाची." मी किती खूश झाले होते. पन्नास वर्षं त्या शाब्बासकीवर जगले मी.

तिला काय वाटलं असेल? पाच मिनिटं. फार तर दहा. आयुष्यात एकदा ती फिरून बसली आणि पोटच्या पोरीनं ओल्या हातांनी तिच्या मांडीवर काम आणून ठेवलं. आई जाऊन आता अठरा वर्षं झाली, तिला विचारायची सोय नाही. आणि मास्तरांनी खड्डा दाखवला तेव्हा विचार करायला मला क्षणही लागला नाही. कसा लागेल, मला सवयच होती. मी रडले नाही. मला संताप आला, स्वतःचा आला, मास्तरांचा आला, शाब्बासक्या देणाऱ्या सगळ्यांचा आला, त्या चार मजली फलकाचा तर इतका आला की परत येताना मी त्याच्याकडे मान वर करून बघितलं आणि म्हटलं, थांब तू. शेजारून जाणाऱ्या माणसानं वळून बघितलं. बघू दे.

बुधवारी सकाळी आठला खोली उघडली. आमच्या धंद्यात एक नियम आहे, तो मास्तरांनीच शिकवला आणि प्राणपणानं पाळला: आपण जे लावू ते पुढच्याला काढता आलं पाहिजे. त्यामुळे माझा रंग निघणार हे मला माहीत होतं. तरी पहिला बोळा टेकवण्याआधी मी काडीवरचा कापूस सोडून पुन्हा गुंडाळला, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. तो बोळा पांढरा गेला आणि राखाडी आला. दुसरा, तिसरा. सात पांढऱ्यांपैकी वरचे तीन अर्ध्या तासात गेले. मला वाटलं होतं वाईट वाटेल. चार आठवडे खपून केलेलं काम होतं. नाही वाटलं. उलट हाताला जोर चढला, मीच मला म्हणाले, सावकाश, बये, त्याचा रंग खरवडशील. घड्या गेल्या, सावल्या गेल्या. मग सुई. सुई अंगठ्यावरून नेली होती, तिच्यासाठी मी चित्रकाराच्या अंगठ्यावर रंग चढवला होता, हे मी फाइलीत लिहिलं नव्हतं. एकतीस वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही. सुई निघाली आणि खालून हात आला. दोनच फटकारे, एक गुलाबी, एक जवळजवळ पिवळा. सुई धरलेला हात नव्हताच तो. उताणा होता. बोटं जराशी वळलेली, झोपेत वळतात तशी, आणि तळव्यात आणि मांडीवर आणि झग्याच्या कडेपर्यंत कोरं अस्तर, जिथे चित्रकारानं काहीही केलं नव्हतं. मी दोन पावलं मागे आले. ऊन झालं. सगळं चित्रच उजळलं. इतकी वर्षं ती एकटी काम करणारी बाई मध्ये बसून बाकीच्यांना आळशी ठरवत होती, आता तो टोपीवाला गृहस्थसुद्धा निवांत झोपला.

मग अहवाल लिहिला. तीन प्रती केल्या, एक फाइलीत, एक ग्रंथालयात, एक संचालकांच्या टपालात. त्यात कण, कड, लांबी, अंगठा, सगळं. आणि ‘चूक कोणाची’ असा रकाना आमच्या फॉर्ममध्ये नसतो, म्हणून तो मी शेरा म्हणून खाली लिहिला: शिवणकामाची कल्पना माझी, रंगकाम माझं, काढण्याचा निर्णय माझा. मास्तरांचं नाव घातलं नाही. ते जाऊन नऊ वर्षं झाली, आणि सुचवलं मीच होतं.

गुरुवारी सकाळी चित्र खाली नेलं. दालनाच्या पहारेकऱ्याला सगळे मामा म्हणतात. मामांनी चिठ्ठी वाचली, सही पाहिली, माझ्याबरोबर चित्र हुकांना लावलं, आणि मग मान तिरकी केली.

"बाई, हिचं काम कुठे गेलं?"

"संपलं."

"बरं झालं," मामा म्हणाले. "किती वर्षं बघतोय, मेली मान वर करत नव्हती."

ते दाराशी आपल्या खुर्चीत जाऊन बसले. दालनाच्या मधोमध प्रेक्षकांसाठी बाक आहे. त्यावर मी आजवर कधी टेकले नव्हते. टेकले. आधी दहा मिनिटं जीव जाईल असं झालं. हात कुठे ठेवायचे कळेना, पर्स मांडीवर घेतली, खाली ठेवली. चित्राच्या डाव्या कोपऱ्यातला एक तडा मोजायला लागले, तो सोडला. मग हळूहळू चित्रातला वारा जाणवायला लागला, निशाण ज्या बाजूला फडफडतं तिकडून. उद्घाटन शनिवारी असलं तरी दालन रोजच्यासारखं उघडं होतं; एक बाई नवऱ्याबरोबर आली, पिशवीत आमचं पोस्टकार्ड होतं, तिनं पोस्टकार्ड आणि चित्र आळीपाळीनं बघितलं. नवरा म्हणाला, "अर्धवट राहिलंय बहुतेक." तिनं पोस्टकार्ड पिशवीत टाकलं. थोड्या वेळानं येऊन माझ्या शेजारी बाकावर बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे."

अकरा वाजता संचालक आले, हातात माझा अहवाल. चालताना तो वाचत होते, म्हणून चष्मा काढलेला होता. चित्रापाशी येऊन घातला. बराच वेळ घातलेलाच राहिला.

"मी साफ करायला सांगितलं होतं," ते म्हणाले.

"साफच केलंय."

"बाई, शब्दांत पकडू नका. हे मी आत्ता उतरवून घेतो. बाहेरून माणूस आणतो, तो परवापर्यंत शिवण पुन्हा घालेल."

"आणा ना. पण भिंतीवरून चित्र उतरवायला दुरुस्ती-विभागाची सही लागते. महिनाअखेरपर्यंत तो विभाग म्हणजे मी."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर तीन ठिकाणी लिहून ठेवलंय. एक तुमच्या हातात आहे. ज्याला शिवण घालायचं त्यानं ते वाचून, खाली स्वतःचं नाव लिहून घालावं."

शेजारच्या बाईनं माझ्याकडे बघितलं. मामांनी खुर्चीतल्या खुर्चीत मान बाहेरच्या बाजूला वळवली, पण कान इकडेच होते. संचालकांनी अहवालाची घडी केली, उघडली. "ते सल्लागाराचं पत्र," ते म्हणाले, "मी अजून सही केलेलं नाही."

"नका करू."

त्यांनी एकदा चित्राकडे बघितलं, एकदा माझ्या हातांकडे. हात मांडीवर होते. कधी आले तिथे, मला कळलं नव्हतं.

"आणि कामाच्या वेळेत तुम्ही इथे काय करताय?"

"बसलेय, साहेब."

"ते दिसतंय मला. किती वेळ बसणार आहात?"

"ऊन आहे तोवर," मी म्हटलं आणि चित्राकडे बोट दाखवलं.